परत-बघा बाई

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे ‘परत-बघा बाई’ म्हणायचे. तोंडावर अर्थातच नाही. तोंडावर ‘सिस्टर’. हे नाव पाडलं कुणी असं विचाराल, तर मीच. आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही, कारण अठरा वर्षांत त्या बाईंनी मला जितकं छळलं तितकं माझ्या सासूलाही जमलं नाही.

मी तळघरात, तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा माझ्याकडे येतो. मी तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतो, ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढतो, काचेवर घेतो, रंगवतो आणि मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली ठेवतो. मॅडम बघतात, निदान लिहितात, सही करतात. सगळं बरोबर आलं तर मी आहे हे कुणाला माहीतसुद्धा नसतं. काप फाटला की मात्र वरच्या चारही मजल्यांना माझं नाव पाठ.

सिस्टर तिसऱ्या मजल्यावर. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, मुठीएवढी पोरं काचेच्या पेट्यांमध्ये ठेवतात ना, ती खोली त्यांची. बुटक्या, भारी चष्म्याच्या, चालताना एक गुडघा जरा फेकणाऱ्या. त्यांचा फोन आला की नमस्कार नाही, कसं काय नाही. थेट, “काचवाले, परत बघा.” बाळाच्या साखरेचा आकडा आला, परत बघा. वजन केलं, परत करा. शिकाऊ डॉक्टरनं औषधाचा डोस काढला की या बाई शेजारी उभ्या राहून कागदावर तोच डोस पुन्हा काढणार आणि मगच सिरिंजला हात लावणार. शिकाऊ पोरं दात-ओठ खायची. पण गेल्या अठरा वर्षांत त्या खोलीत डोस चुकला नाही, हेही ती पोरंच सांगायची.

घरी तरी वेगळं असेल? छे! त्यांचे यजमान बस दुरुस्तीच्या कारखान्यात होते. एकदा हॉस्पिटलच्या फाटकाशी भेटले तेव्हा म्हणाले, “कुलूप लावून निघालो की चार पायऱ्या उतरून ही परत वर जाते, गॅस बघायला. मी आपला खाली पेपर वाचत उभा राहतो. तीस वर्षांत पेपर कधी अर्धवट राहिला नाही.” लेकीचं स्थळ ठरतानाही बाईंनी मुलगा परत बघितला म्हणे. लेक चिडली होती. आता तीच सगळ्यांना सांगते, दोनदा बघितला म्हणून टिकलाय.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. मीही नेत होतो. मग एकदा कँटीनमध्ये चहा पिताना मी त्यांना सरळ विचारलं, “सिस्टर, हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कधी?” मला वाटलं होतं, उचकतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

मग म्हणाल्या, “नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका बाईचं बाळ गेलं. लिव्हर बंद पडलं. जंतू झाले म्हणाले. पुढच्या वर्षी ती परत आली, परत तसंच. तिसऱ्या वेळी मी तेव्हाच्या डॉक्टरांना विचारलं, तिन्ही वेळा जंतूच कसे हो? आणि तपासणीत एकदाही सापडत कसे नाहीत? ते म्हणाले, सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा. मी केलं. मूग गिळून बसले. ती बाई चौथ्यांदाही आली.”

“मग?”

“मग काय. रिकाम्या हातांनी गेली.” त्यांनी चहा तसाच ठेवला. “पुढे किती वर्षांनी एका प्रशिक्षणाला गेले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हाच आजार शिकवला. आईच्या शरीराला बाळाचं लिव्हर परकं वाटतं. ते शरीर त्या लिव्हरविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती नाळेतून बाळात जातात आणि जन्माआधीच लिव्हर खलास. आईला काही होत नाही, कळतही नाही. आणि काचवाले, याच्यावर उपाय आहे. तेव्हा होता की नव्हता मला माहीत नाही. पण मी विचारायचं थांबले, हे मला माहीत आहे.”

त्यानंतर मी त्यांच्या फोनवर कुरकुर करायचं सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? कुरकुर चालूच होती. आता ज्या दिवसाची गोष्ट सांगतोय, त्या दिवशी तर जास्तच.

चार नंबरच्या पेटीत एक मुलगा होता. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेला, तेराशे ग्रॅमचा. दुसऱ्याच दिवशी पिवळा पडला, पोट फुगलं, सुई टोचलेल्या जागी रक्त थांबेना आणि साखर सारखी खाली. लिव्हर काम करत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी आधी जंतूंवरची औषधं सुरू केली. पण रक्तात जंतू नाहीत, विषाणू नाहीत, काहीच नाही. मग त्यांनाही या आजाराची शंका आली. यात लोह भलत्याच ठिकाणी साचतं, म्हणून खालच्या ओठाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून माझ्याकडे पाठवला. लोह असेल तर आमच्या रंगानं ते निळं दिसतं.

निळं काही दिसलं नाही. मॅडमनी सही केली: ‘लोह आढळले नाही.’ कागद वर गेला आणि दहा मिनिटांत फोन.

“काचवाले, चार नंबरचा तुकडा परत बघा.”

“सिस्टर, बघितलाय. निळं नाही. मॅडमची सही आहे.”

“ते वाचलं मी. तुकड्यात ग्रंथी होत्या का?”

माझं डोकंच सटकलं. “आता तुम्ही मला माझं काम शिकवणार?”

“शिकवत नाही, विचारतेय. लोह ओठातल्या लाळेच्या ग्रंथींमध्ये साचतं ना? मग ग्रंथीच आल्या नसतील तर निळं दिसणार कुठून? पिठाच्या डब्यात हात घालायचा आणि साखर संपली म्हणून बोंब मारायची, असं नाही ना झालं, तेवढं बघा.”

फोन आपटला मी. पण काच परत लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. ओठाचं वरचं अस्तर होतं, थोडा स्नायू होता. ग्रंथी? नावालासुद्धा नव्हती. सर्जनचा हात वरवर फिरला होता, बाळाला रक्तस्राव होईल म्हणून भ्यायला असेल बिचारा. पण माझं काय? मला रंग शोधायला सांगितलं होतं, मी रंग शोधला. तो जिथे असायला हवा ती जागाच काचेवर नाही, हे मी बघितलं नाही.

मॅडमना दाखवलं. त्या दिवशी त्यांच्यापुढे साठ काचा होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, “चुकलं माझं. तो कागद मागे घ्या. ‘तुकडा अपुरा’ असं लिहू.”

“आपलं चुकलं,” मी म्हणालो. आणि फोन न करता जिना चढून वर गेलो. अठरा वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. त्या एकदा म्हणाल्या होत्या, तुम्ही तळघरातले लोक उंटावरून शेळ्या हाकता. तळघरात उंट कुठून आला, असं म्हणून मी तेव्हा उडवून लावलं होतं.

सिस्टर पेट्यांच्या खोलीत नव्हत्या. शेजारच्या छोट्या खोलीत होत्या, जिथे आया पंपानं दूध काढतात. चार नंबरची आई तिथे बसली होती, चोवीस-पंचवीस वर्षांची, डोळे सुजलेले. सिस्टर तिच्या शेजारी बसून पट्टीच्या जाळीदार कापडाच्या घड्या घालत होत्या. ही त्यांची पद्धत. महत्त्वाचं विचारायचं असलं की हातात काहीतरी काम घ्यायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. मी दारातच थांबलो.

“पंप छान लावतेस,” त्या घडी घालत म्हणाल्या. “पहिलटकरणीला दोन दिवस शिकवावं लागतं. तुला कुणी शिकवलं?”

ती पंपाची नळी घट्ट धरून बसली.

“फाइलवर पहिली खेप लिहिलंय.”

“हो.”

“बरं.” आणखी एक घडी झाली. “तुझ्या बाळाचं लिव्हर तीन दिवसांत बिघडलेलं नाही. पोटातच बिघडलंय. याआधी कधी असं झालं असेल, तर ते मला कळायला हवं. रागावणार नाही मी. तू सांगितलंस तर तुझ्या बाळाला त्याचा उपयोग आहे, एवढंच.”

मग तिचा बांध फुटला. तीन वर्षांपूर्वी मुलगी झाली होती. चार दिवस होती. असंच पोट फुगलं, असंच रक्त थांबेना. सासूबाईंनी बजावलं होतं, या वेळी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पहिलं गेलं म्हटलं की डॉक्टर आशाच सोडतात, दुसऱ्याला हात लावत नाहीत. म्हणून नवं कार्ड काढलं, नवा पत्ता दिला.

मला इतका संताप आला! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! तीन दिवस अख्खं हॉस्पिटल अंधारात चाचपडतंय आणि दिवा यांच्या पदराखाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टरनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाऊल मागे घेतलं.

“सासूबाईंनी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं,” त्या तिला म्हणाल्या. “चुकलं त्यांचं, पण माया होती. कुठे झाली होती मुलगी?”

“इथेच.”

सिस्टरचे हात थांबले. “कुठला महिना?”

तिनं सांगितला. सिस्टरनी डोळे मिटले. “गुडघ्याचं ऑपरेशन. महिनाभर रजेवर होते मी.” मग तिच्या पाठीवर हात ठेवून उठल्या आणि माझ्याकडे वळल्या. “काचवाले, तुम्ही इथे कशाला आलात?”

“तुकड्यात ग्रंथी नव्हत्या, सिस्टर. तुमचं बरोबर होतं. दुसरा तुकडा पाठवा, मी बसून राहतो.”

“दुसरा काढता येणार नाही. पहिली जागाच तीन तास वाहत होती.” त्यांनी घड्या बाजूला ठेवल्या. “तीन वर्षांपूर्वीचे ठोकळे ठेवता की फेकता?”

आता इथे माझी अब्रू जाते, पण सांगतो. ठोकळे दहा वर्षं ठेवायचा नियम आहे. पण आमच्याकडे जागा नाही, खोकी छताला टेकलीत, म्हणून दोन वर्षांपेक्षा जुने सगळे टाकून देऊ द्या, असा अर्ज मीच साहेबांकडे केला होता. आठवण म्हणून दोनदा. सरकारी कागद हलत नाही म्हणून मी शिव्या घालतो. त्या दिवशी तो हलला नव्हता म्हणून हात जोडले.

मोठे डॉक्टर आले. वाईट माणूस नव्हे, पण घाई करणाराही नव्हे. सगळं ऐकून म्हणाले, “निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेल्या, आईच्या प्रतिपिंडांना अडवणाऱ्या प्रतिपिंडांचं सलाईन आत्ता लावतो, त्यात धोका कमी आहे. पण खरा उपाय म्हणजे बाळाचं सगळं रक्त काढून दुसरं भरायचं. तेही अंगात आहे त्याच्या दुप्पट, म्हणजे आईकडून आलेली प्रतिपिंडं धुऊन निघतात. तेराशे ग्रॅमचं बाळ, रक्त गोठत नाही, मध्येच हृदय थांबू शकतं. मागच्या बाळाचं नुसतं ऐकून मी ते करू? मला काहीतरी दाखवा, सिस्टर. रक्ताची पिशवी चारपर्यंत तयार होईल.”

“आम्ही तीनपर्यंत दाखवतो,” सिस्टर म्हणाल्या. तेव्हा एक वाजायला आला होता. आणि ‘आम्ही’ म्हणजे मी.

आई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळेच झालं का हे? दोघांना?”

“तुझं रक्त तुला विचारून काही करतं का?” सिस्टर जवळजवळ ओरडल्याच. “परत असं बोलायचं नाही. जा, दूध काढ. लागणार आहे त्याला.”

खोक्यांच्या खोलीत आम्ही दोघं शिरलो. त्या महिन्याचं खोकं सगळ्यात खाली, अर्थातच. हवी ती वस्तू कधी वर असते का? वरची अकरा खोकी मी उतरवली. बाई गुडघ्याचं दुखणं विसरून जमिनीवर बसल्या आणि एकेक ठोकळा उजेडात धरून नंबर वाचू लागल्या. मिळाले. दोन ठोकळे. मुलगी गेल्यावर बापानं सही दिली होती, म्हणून लिव्हरचा आणि स्वादुपिंडाचा छोटा तुकडा घेतला होता. सोबत जुना अहवाल: ‘लिव्हरच्या पेशी नष्ट. बहुधा जंतुसंसर्ग.’ खाली, काप काढणाऱ्याची सही. माझी.

लोहाचा रंग तेव्हा कुणी मागितला नव्हता. मागितला नाही तर लावायचा नाही, अशी आमच्याकडे शिस्त. मी शिस्तीचा माणूस.

ठोकळा बर्फावर थंड केला. पहिला काप फाटला. सत्तावीस वर्षं काप काढतोय मी, डोळे मिटून काढीन, पण त्या दिवशी नाही. सिस्टर शेजारी उभ्या होत्या. “परत,” एवढंच म्हणाल्या. दुसराही चुरगळला. “परत.” तिसरा पाण्यावर सरळ पसरला. मग काचेवर घेतला, मेण उतरवलं, रंग लावला. रंग लागेपर्यंत थांबण्यापलीकडे काही करता येत नाही. मी त्यांना स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत.

अडीचला मॅडमनी काच मायक्रोस्कोपखाली घेतली. आधी लिव्हरची. “निळं आहे. पण नवजात बाळाच्या लिव्हरमध्ये थोडं लोह असतंच, यावर जाता येणार नाही.” मग स्वादुपिंडाची. तिथे ते असायला नको. मॅडमनी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. मग त्याच म्हणाल्या, “थांबा, परत बघते.” परत बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. “सगळीकडे आहे. पेशींच्या प्रत्येक पुंजक्यात. फोन लावा वर.”

सिस्टर फोनची वाट बघायला तिथे नव्हत्याच. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून येत होता.

रक्त बदलायला दोन तास लागले. पाच मिली काढायचं, पाच मिली भरायचं, चव्वेचाळीस वेळा. डॉक्टर सिरिंज धरून, सिस्टर शेजारी उभ्या राहून मोठ्यानं मोजत. मी काचेबाहेर आईजवळ उभा होतो. माझं तिथे काहीच काम नव्हतं, पण खाली जाववेना. एकोणतिसाव्या वेळी बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले. डॉक्टरांचा हात थांबला. सिस्टरनी दोन बोटांनी त्याच्या तळव्याला चोळलं, पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिल्या. आकडा चढला. “तीस,” त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांनी पुढची सिरिंज घेतली. शेजारी त्या आईनं माझा हात कधी धरला ते मला कळलंच नाही. हाताला नखं रुतली होती हे चव्वेचाळिसाव्यानंतर दिसलं.

लगेच काही चमत्कार झाला नाही. तिसऱ्या दिवशी रक्त गोठायला लागलं. आठवड्यानं साखर टिकायला लागली. कावीळ उतरायला महिना गेला. मध्ये एकदा सगळं परत फिसकटतंय असं वाटलं, तेव्हा सिस्टर सलग दोन पाळ्या थांबल्या. दोन महिन्यांनी तो अडीच किलोचा होऊन, घसा फोडून रडत, घरी जायला निघाला. डॉक्टरांनी आईला बजावलं, पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच यायचं. पोटात असतानाच आईला प्रतिपिंडांचं सलाईन देत राहिलं तर असं बाळ बहुतेक वेळा धडधाकट जन्माला येतं. सासूबाईंनी ते सगळं एका चिठ्ठीवर लिहून मागितलं, आणि सिस्टरनी ती चिठ्ठी त्यांच्याकडून परत वाचून घेतली.

निघायच्या आधी ती आई आणि सिस्टर खाली माझ्याकडे आल्या. पोर आजीकडे होतं.

“हिला एक विचारायचंय,” सिस्टर म्हणाल्या.

ती ठोकळ्यांच्या कपाटांकडे बघत होती. “ती इथे आहे ना?” मला पटकन कळलं नाही. “माझी मुलगी. ती गेल्यावर मला कुणी बघू दिलं नाही. त्रास होईल म्हणाले. ती पिवळी होती एवढंच आठवतं.”

नियमानं काच दाखवता येत नाही. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, मी जरा चहा घेऊन येते.

मी काच लावली, भिंग जुळवलं, तिला स्टुलावर बसवलं. तिनं डोळा टेकवला. “निळे ठिपके आहेत,” ती म्हणाली. “फार आहेत. हे काय?”

मला खूप काही सांगता आलं असतं. लोह, ग्रंथी, रंग. ते सगळं मी बाजूला ठेवलं. “ताई, यावरून कळलं आम्हाला,” मी म्हणालो. “तुमच्या मुलानं काही सांगितलं नाही. हिनं सांगितलं. तीन वर्षं सांगत होती. मी विचारलंच नव्हतं तिला.”

ती घाईघाईनं मागे झाली. पदरानं डोळे पुसले, भिंगावर पाणी पडलं असेल तर माफ करा म्हणाली, तुमचा वेळ घेतला म्हणाली आणि उठायला लागली.

सिस्टरनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“परत बघ,” त्या म्हणाल्या. “घाई नाही.”